वळणाआधी रेसवाला पाय काहून सोडते?

सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकल रेसच्या जागतिक स्पर्धेतल्या सर्वांत वरच्या गटाची, रेस पहिल्यांदा भारतात झाली, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. इटलीचा मार्को बेझेकी जिंकला. पुढच्या वर्षीची रेस रद्द झाली, पण बघण्याची सवय लागली ती लागलीच. दारव्हा-दिग्रसकडच्या कोणत्याही पानठेल्यावर संध्याकाळी उभं राहा, चार पोरं एका मोबाईलवर ओणवी झालेली दिसतील. क्लिप संपली की प्रश्न ठरलेला: "काका, हा वळणाच्या आंधी पाय काहून सोडते?"

प्रश्न रास्त आहे. तीनशेच्या वर वेगानं आलेला माणूस ब्रेक दाबतो आणि जेव्हा गाडीला घट्ट धरून बसायला हवं, नेमका तेव्हाच वळणाच्या बाजूचा पाय फुटरेस्टवरून काढून हवेत सोडतो. वळण डावं असेल तर डावा पाय, उजवं असेल तर उजवा. दोन-तीन सेकंद पाय नुसता लोंबत राहतो. गाडी कलायला लागली की तो मुकाट परत फुटरेस्टवर येतो, गुडघा बाहेर निघतो आणि रस्त्याला घासतो.

उत्तरं ठेल्यावरच पाच मिनिटांत चार मिळतात. हवा अडवायला. तोल सांभाळायला. बाजूच्याला घाबरवायला. आणि चौथा सुपारी कातरता कातरता सांगतो की स्टाइल आहे, दुसरं काही नाही. गंमत म्हणजे जगभरातले रेसवाले आणि त्यांचे इंजिनीअर विचारले तरी साधारण हीच उत्तरं निघतात, आणि त्यांचंही आपसात जमत नाही. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य आहे. पण पायाकडे बघत बसलं की मुख्य गोष्ट नजरेतून सुटते. ती घडत असते मागच्या चाकापाशी.

## ही सवय आली कुठून

बहुतेक जण बोट दाखवतात ते व्हॅलेंटिनो रॉसीकडे. इटलीचा हा रेसर नऊ वेळा जगज्जेता झाला, त्यातले सात किताब सर्वांत वरच्या गटातले. २०२१ च्या हंगामाअखेर तो निवृत्त झाला. त्याचं टोपणनाव 'डॉक्टर', म्हणून पाय सोडण्याच्या या तऱ्हेलाही त्याचंच नाव चिकटलं. २००५ मध्ये स्पेनमधल्या हेरेसला शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या वळणावर तो स्पेनच्याच सेते जिबर्नाऊ या रेसरच्या आत घुसला, दोघांची धडक झाली, जिबर्नाऊ खडीत गेला आणि रॉसी जिंकला. रॉसीनं पाय सोडल्याची गोष्ट सांगणारे बहुधा त्याच रेसपासून सुरुवात करतात.

पुढं काही वर्षांत बाकीच्यांनीही पाय सोडायला सुरुवात केली. आता मोटोजीपीत तर आहेच, पण तिच्या खालच्या मोटो-२, मोटो-३ या गटांत आणि बाजारातल्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या वर्ल्ड सुपरबाईक स्पर्धेतही जोराचं ब्रेकिंग आलं की पाय सुटलेले दिसतात. एवढ्या वेगवेगळ्या गाड्यांवर, एवढ्या वेगवेगळ्या अंगकाठीची माणसं तेच करतात, तेव्हा नुसती स्टाइल म्हणून विषय मिटत नाही.

## ब्रेक दाबला की भार कुठं जातो

कापसाची बंडी भरताना काय बघतात ते आठवा. आखाच्या पुढं जास्त माल पडला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागं जास्त झाला तर बंडी उलार होते, जू वर उचललं जातं. भरणारा जाणता असेल तर तो माल असा लावतो की बैलांच्या मानेवर जेमतेम बेताचा भार राहतो. मग वर बसलेला माणूस वीतभर पुढं-मागं सरकला तरी बैलांना ते कळतं. माल नुसता पुढं कोंबलेला असेल तर तोच माणूस हातभर सरकला तरी काही फरक पडत नाही.

मोटरसायकलचं असंच आहे, फक्त तिच्यात माल न हलवता भार हलतो. जोरात रेस दिली की भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचं चाक हलकं होतं, म्हणजे गाडी उलार. ब्रेक दाबला की उलटं. वजन आहे तेवढंच राहतं, पण ते पुढच्या चाकावर दाबलं जातं आणि मागचं चाक हलकं पडतं. भाराच्या या सरकण्याला इंजिनीअर लोड ट्रान्स्फर म्हणतात.

आता आकडे घेऊ, म्हणजे रेसच्या गाडीत हे कुठवर जातं ते कळेल. नियमानं मोटोजीपीची गाडी कमीत कमी १५७ किलोची असते. माणूस, त्याचा पोशाख आणि पेट्रोल धरलं तर सगळं मिळून २४० किलोच्या आसपास. पुढच्या चाकाला कार्बनच्या दोन डिस्क असतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी ही गाडी तीनशेवरून शंभरावर यायला चार-पाच सेकंद आणि दोनशे-अडीचशे मीटर घेते. त्या वेळी लागणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास दीडपट असतो. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे शंभर किलोचं बळ पुढं, टाकीवर ढकलत असतं, आणि त्यानं ते दोन हातांनी आणि मांड्यांनी पेलायचं असतं. आपली १०० सीसीची गाडी कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावरही याच्या निम्म्या जोरानं क्वचितच थांबते.

एवढ्या जोरात थांबताना मागच्या चाकावर जवळजवळ काहीच भार उरत नाही. कधी ते टेकलेलं असतं, कधी बोटभर वर. टेकलेलं असलं तरी पकड नसते, म्हणून गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे झुलतो. स्लो मोशनमध्ये हे नीट दिसतं. पुढचं चाक खिळल्यासारखं आणि मागची शेपटी मोकळी, अशा गाडीला पुढच्या सेकंदात पन्नास-साठ अंशांपर्यंत कलवून वळवायचं असतं.

हा झाला काट्यावर आणलेला तोल. पाय सुटतो तो या तोलात.

## मग लोंबणारा पाय करतो काय

पहिलं, वजन. माणसाच्या एका पायाचं वजन, मांडीपासून धरलं तर, अंगाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या जवळ जातं. रेसवाल्याचा पाय म्हणजे दहा-अकरा किलो, वरून बूट. तो वीतभर बाहेर आणि खाली गेला तर गाडी आणि माणूस मिळून जो गुरुत्वमध्य असतो, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं मानता येईल तो बिंदू, तो वळणाच्या बाजूला सेंटिमीटर-अर्धा सेंटिमीटर सरकतो. आकडा फुटकळ वाटतो. चौकात उभ्या गाडीवर तो फुटकळच आहे. पण काट्यावर आलेल्या तोलात तेवढंही जाणवतं, आणि ताशी शंभर किलोमीटरनं सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी पावणेतीन मीटर पुढं जाते. दोन गाड्यांमधली जिंकण्या-हरण्याची रेघ कित्येकदा याहून बारीक असते.

दुसरं कारण मला सगळ्यांत पटतं, आणि त्यावर बोललं मात्र कमी जातं. वळणात गाडीच्या आतल्या बाजूला लोंबकळायचं तर ब्रेक लागलेला असतानाच अर्धं बूड सीटवरून खाली सरकवावं लागतं. अंगावर शंभर किलोचा रेटा असताना दोन्ही पाय फुटरेस्टवर ताठ रोवलेले असतील तर कंबर हलतच नाही. करून बघायचं असेल तर खुर्चीवर बसा, दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट दाबा आणि तसेच दाबून ठेवत बाजूला सरका. एक पाय उचलला की जे सहज होतं, ते दोन्ही रोवून होत नाही. आतला पाय मोकळा केला की कंबर सैल पडते, बाहेरची मांडी टाकीला अडकवून अंग आत ओढता येतं, आणि पाय परत फुटरेस्टवर येताना नेमक्या हव्या त्या ठिकाणी, चवड्यावर टेकवता येतो.

तिसरं याच्याशीच जोडलेलं आहे. फुटरेस्टवर रोवलेला पाय नुसता बसून राहत नाही, तो गाडीला ढकलतही असतो. मागचं चाक नीट टेकलेलं असतं तेव्हा ही ढकल टायर पचवून टाकतो. चाक हवेत असलं की पचवणारं कोणी नसतं, आणि डाव्या-उजव्या पायाच्या जोरातला थोडासा फरकही शेपटी झुलवायला पुरतो. आतला पाय काढला की त्रास देणारी एक जागा कमी झाली. वर तो लोंबणारा पाय शेपटीच्या झुलण्याच्या उलट हलवून तोल सावरताही येतो. रेसवाला हे ठरवून करतो असं नाही; चार-पाच सेकंदांत ठरवायला वेळ कुठं असतो?

## हवा अडवायला नाही का?

हे उत्तर सगळ्यांत लोकप्रिय आहे, म्हणून जरा हिशेब करू. गुडघ्याखालचा पाय आणि बूट मिळून वाऱ्यासमोर साधारण सहा-सातशे चौरस सेंटिमीटर क्षेत्र येतं. ताशी तीनशे किलोमीटरला त्यावर पंचवीस-तीस किलोचा वारा बसतो. ऐकायला भरपूर आहे. पण त्याच वेळी ब्रेक आणि बाकीचं सगळं मिळून गाडीला साडेतीनशे किलोच्या आसपास बळानं रोखत असतात. शिवाय पाय फुटरेस्टवर होता तेव्हाही त्याला थोडा वारा लागतच होता, तो वजा करायला हवा.

पुढची गोष्ट महत्त्वाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं घटतो. वेग एक तृतीयांश झाला की विरोध नववा हिस्सा उरतो. शंभराला आलेल्या गाडीवर त्या पायाचा वारा तीन किलोचा, म्हणजे नगण्य. आणि पाय तर तिथवर लोंबतच असतो. नुसता वाराच अडवायचा असता तर पाय सुरुवातीला सोडून लगेच आवरला असता. वारा अडवायचं मोठं काम तसंही छाती करते: ब्रेक दाबताच रेसवाला काचेमागून उठून ताठ बसतो, आणि छाती-खांद्यांचं क्षेत्र पायाच्या कितीतरी पट असतं.

थोडी मदत होते, हे खरं. पाय वळणाच्या बाजूला असल्यानं वारा गाडीचं तोंड किंचित त्या बाजूला ओढतो, असंही काही जण म्हणतात. तेही खोटं नाही, पण तेवढ्यासाठी कोणी पाय काढणार नाही.

## बाजूच्याला दाखवायला?

बाजूनं घुसणाऱ्याचा लोंबता पाय दिसला की समोरच्याला कळतं, हा आत येतोय. जागा अडते, थोडी धडकी भरते. रॉसीला असले मनाचे खेळ आवडायचे, म्हणून हे उत्तर त्याला शोभतंही. पण सरावात, ट्रॅकवर मागे-पुढे कोणी नसताना, एकटा फेरी मारणाराही पाय सोडतो. मग दाखवतो कुणाला?

## नक्कल तर नसेल?

थोडी असेल. लहानपणापासून ज्याची पोस्टर भिंतीवर लावली, त्याच्यासारखं बसावंसं वाटतंच. पण या खेळात घड्याळ निर्दय आहे. फेरीमागे सेकंदाचा विसावा भाग खाणारी सवय इंजिनीअर आकडे दाखवून मोडून काढतात. वीस वर्षं टिकलेली सवय निदान तोट्याची नाही, एवढं धरायला हरकत नसावी. पाय कधी सुटत नाही, त्यावरूनही काही कळतं. वेगाची लांबट वळणं, जिथं ब्रेक नुसता शिवून सोडायचा असतो, तिथं पाय फुटरेस्टवरच असतो. मागचं चाक जिथं हलकं होतं, तिथंच तो सुटतो. माझ्या मते एवढा पुरावा पुरे.

## मातीवरच्या रेसमध्येही पाय बाहेर असतो, तो हाच का?

नाही. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या चढउतारांवरच्या रेसमध्ये, वळणात पाय पुढं, पुढच्या चाकाच्या दिशेनं ताणलेला असतो. तिथं पुढच्या चाकावर वजन टाकायचं असतं, आणि गाडी सटकलीच तर पायानं क्षणभर टेका देता येतो. सपाट मातीच्या गोल ट्रॅकवरचे रेसवाले तर डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधतात आणि पाय जमिनीवरून सरकवत नेतात. तो पाय वळण चालू असताना बाहेर असतो आणि जमिनीशी त्याचं काम असतं. डांबरी ट्रॅकवरचा पाय वळणाच्या आधी बाहेर असतो आणि जमिनीला शिवतही नाही.

## उजवा पाय सुटला तर मागचा ब्रेक कोण दाबतं?

हा प्रश्न गॅरेजवाल्या पोरानं विचारला असता तर मी त्याला चहा पाजला असता. मागच्या ब्रेकचं पेडल उजव्या पायाशी असतं. उजव्या वळणाआधी तो पाय हवेत, म्हणजे पेडल मोकळं. रेसवाल्याचं त्यावाचून फारसं अडत नाही, कारण ज्या चाकावर भारच नाही त्याला ब्रेक लावून काय मिळणार? थांबवण्याचं जवळजवळ सगळं काम पुढचं चाक करतं.

ज्यांना मागचा ब्रेक तरीही हवा असतो ते डाव्या हँडलवर अंगठ्यानं चालणारा ब्रेक बसवून घेतात. याची सुरुवात मिक डूहान या ऑस्ट्रेलियन रेसरकडून झाली. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला पडून त्याचा उजवा पाय एवढा जायबंदी झाला की पेडल दाबणं जमेना. त्याच्यासाठी अंगठ्याचा ब्रेक बनवला, आणि तो पुढं सलग पाच वेळा जगज्जेता झाला.

डाव्या वळणाला अडचण वेगळी. गिअर डाव्या पायात, आणि ब्रेक लावताना सहाव्यावरून पहिल्या-दुसऱ्यावर यायचं असतं. गिअर उतरवायला पाय लिव्हरपाशी लागतोच, त्यामुळे पाय सोडण्याची वेळ गिअरच्या हिशेबानं साधावी लागते.

## आपल्या गाडीवर केलं तर?

इथं पोरांचं लक्ष असतं, म्हणून हे जरा सविस्तर.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत निदान सीबीएस आणि त्याच्या वर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे जोडब्रेक: मोटरसायकलवर उजव्या पायाचं पेडल दाबलं की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. खेड्यात ज्या गाड्या सर्वांत जास्त दिसतात त्या १०० आणि १२५ सीसीच्या. त्यांच्यावर उजवा पाय हवेत सोडला तर मागचा ब्रेक गेला, आणि जोडब्रेकमुळे पुढचा जेवढा आपोआप लागला असता तेवढाही गेला. रेसवाला ज्या पायाला बिनकामाचा म्हणून सोडतो, तो आपल्या गाडीवर सर्वांत कामाचा पाय आहे.

भाराचं गणितही आपल्याकडे उलटं. मागं बायको, मध्ये पोरगं, नाहीतर मागच्या सीटवर खताचं पोतं. एवढं मागं असल्यावर ब्रेक दाबूनही मागचं चाक जमिनीला घट्ट बसलेलं राहतं. ज्या अडचणीवर तो लोंबता पाय तोडगा आहे, ती अडचण आपल्या गाडीला येतच नाही.

आणि रस्ता. ट्रॅकवर खडीचा एक दाणा आला तरी झाडून काढतात. आपल्याकडे वावरातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचे गोळे टाकत जातो, हंगामात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन नाहीतर तूर वाळत असते, आणि वळणापलीकडे एखादी गाय निवांत रवंथ करत बसलेली असते. रेसवाल्याच्या पायात घोट्यापर्यंत कडक बूट, अंगात चामड्याचा सूट, आणि २०१८ पासून मोटोजीपीत त्या सुटात एअरबॅगही सक्तीची. आपल्याकडे पायात स्लिपर. पन्नासच्या वेगानं लोंबता पाय जमिनीला टेकला तर गाडी सेकंदात चौदा मीटर पुढं जाते आणि पाय तिथंच अडतो. मग घोटा किंवा गुडघा पिळवटतो, तळवा फुटरेस्टखाली सापडतो.

"पण मी हळूच करतो," असं म्हणणाऱ्याला विचारावं की मग करतो कशाला. हळू ब्रेक लावला तर मागचं चाक तेवढं हलकंच होत नाही.

वळणाआधी करायचं ते कंटाळवाणं आहे: दोन्ही पाय फुटरेस्टवर, पुढचा-मागचा ब्रेक एकत्र, आणि वेग कमी करण्याचं काम वळणात शिरायच्या आत संपलेलं.

## पुढची रेस बघताना

क्लिप स्लो मोशनमध्ये लावा आणि पाय विसरून मागच्या टायरकडे बघा. ब्रेक लागला की टायर आणि रस्त्यातली फट दिसते का, शेपटी कोणत्या बाजूला झुलते, आणि ती झुलत असताना पाय कुठं असतो. मग कंबर बघा. पाय सुटल्यावर बूड किती आत सरकतं आणि पाय परत येईपर्यंत ते पुरतं सरकलेलं असतं का, हे बघितलं की वरचं दुसरं कारण पटतं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मोटो-३ ची रेस हाताशी लागली तर तीही बघा. २५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या हलक्या गाड्या असतात, वेगही मोटोजीपीपेक्षा बराच कमी. वाऱ्याचं कारण तिथं आणखी दुबळं ठरतं. पाय तिथंही सुटतातच, सरळ पट्ट्याच्या शेवटी, एकाच वळणाआधी दहा-बारा एकदम.